होडेकर सरांची तीन उद्दिष्टं

जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिकांनी प्रत्येक शिक्षकाच्या हातात एकेक कागद दिला. वर्गात तंत्रज्ञान वापरण्याबद्दल या वर्षाची तीन उद्दिष्टं लिहायची आणि दर तीन महिन्यांनी किती प्रगती झाली ते नोंदवायचं. आम्ही सगळ्यांनी कागद भरभरून लिहिले. मी तर काय काय लिहिलं ते आता मलाही आठवत नाही. होडेकर सरांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तीनच ओळी लिहिल्या:

एक, संगणक स्वतः चालू करणे.
दोन, संगणक स्वतः बंद करणे.
तीन, या दोहोंच्या मध्ये मुलांना काहीतरी शिकवणे.

"सर, ही काय उद्दिष्टं झाली?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाठता येतील अशीच लिहा, असं तुम्हीच सांगितलंत."

होडेकर सर आमच्या शाळेत भूगोल शिकवतात. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. खडू हातात घेतला की न उचलता एका दमात महाराष्ट्राचा नकाशा काढणार, आणि त्यात रत्नागिरीची किनारपट्टी हमखास जरा फुगलेली. कुणी बोट दाखवलं तर म्हणणार, "आपलं गाव आहे. थोडं मोठं दिसलं तर कुणाचं काय बिघडलं?" अशा माणसाला संगणक शिकवायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. मी विज्ञानाची शिक्षिका, म्हणजे मला विजेच्या सगळ्याच वस्तू कळत असणार, असा त्यांचा समज.

सरांनी पहिल्याच दिवशी शंभर पानी वही आणली. मी सांगेन ते पायऱ्या पाडून लिहून घ्यायला लागले. 'पायरी चार : पडद्यावर बाण शोधणे. पायरी पाच : बाण न सापडल्यास भाटकर बाईंना हाक मारणे.' भाटकर बाई म्हणजे मी. पाचवी पायरी एवढी वापरात आली, की शेजारच्या वर्गात माझा तास चालू असताना भिंतीपलीकडून "बाई, बाण!" एवढंच ऐकू यायचं आणि माझी मुलं पुस्तकं मिटून हसायला मोकळी व्हायची.

मी घाई केलेली त्यांना खपत नसे. "सबूर, बाई, सबूर! आपली काय बोट सुटत नाहीय." प्रोजेक्टरच्या रिमोटला हात लावण्याआधी खडूची बोटं रुमालाला पुसणार, आणि संगणक बंद करताना त्याला, "चल, बंद करतो हां," असं सांगणार. घरातून निघताना माणसं सांगतात तसं.

नववीच्या वर्गात त्यांनी पहिल्यांदा प्रोजेक्टर लावला तेव्हा जगाचा नकाशा उलटा उमटला. माना वाकड्या करून पोरं ओरडायला लागली. सर शांतपणे म्हणाले, "सबूर! ऑस्ट्रेलियातली माणसं नकाशा काढतील तर तो असाच काढतील. आज आपण त्यांच्या घरी गेलोत असं समजा." तो तास त्यांनी उलट्या नकाशावरच घेतला, आणि खरं सांगते, माझ्या ऐकण्यातला तो त्यांचा उत्तम तास.

सप्टेंबरच्या प्रगतीच्या कागदावर त्यांनी लिहिलं : 'उद्दिष्ट एक, साध्य. उद्दिष्ट दोन, साध्य. मात्र दोनदा वीज गेल्यामुळे ते आपोआप साध्य झाले, ते धरलेले नाही. उद्दिष्ट तीन, सांगता येत नाही.'

आम्ही स्टाफरूममध्ये हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्यावरही वरून दडपण असणारच. दिवाळीनंतर त्यांनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की मार्चमध्ये तालुक्याची समिती तास बघायला येणार आहे. तिथे जमलं नाही तर पुढच्या वर्षी नववीचा भूगोल दुसऱ्याला द्यावा लागेल आणि सरांनी ग्रंथालय सांभाळायचं. सर "बरं" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, आतल्या तांदळाच्या भाकरीकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र "बाई, बाण!" बंद झालं. मी विचारलं तर, "चाललंय, चाललंय," एवढंच.

मार्चमध्ये समिती आली. मागच्या बाकावर दोन अधिकारी, आमच्या मॅडम आणि कडेला मी. विषय भरती-ओहोटी. सरांनी संगणक चालू करून त्याला आपला मोबाइल जोडला. बाण सापडला. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एकाच जागी उभं राहून, भरतीला आणि ओहोटीला स्वतः काढलेले फोटो पडद्यावर आले. आपल्या बापाची बोट दिसल्यावर दोन पोरं जागेवरून उठलीच. जमलं, असं मी मनात म्हणाले, आणि तेवढ्यात सरांचं बोट चुकीच्या जागी पडलं.

पडद्यावर भलीमोठी यादी उघडली. सानिका एक, सानिका दोन, सानिका तीन, अशी त्रेचाळीसपर्यंत. सर गोंधळून काहीतरी दाबायला गेले आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज घुमला :

"काय गो सानिका, पाय कसा आहे? जेवलीस काय? आणि प्लॅस्टरात फूटपट्टी घालून खाजवू नकोस, तुझ्या आजीने मला सांगितलंय."

वर्ग खो खो हसला, आणि मग सगळे सानिकाच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागले. सानिका त्यांच्याच वर्गातली. नोव्हेंबरमध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. बाप ट्रॉलरवर, आई दिवसभर कोळंबी सोलायला, म्हणून तिला हर्णेला आजीकडे ठेवलं होतं. तिचं वर्ष गेलं, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. नववीचा तास असेल त्या दिवशी सर घरी जाऊन वर्गात झालेला धडा तिच्यासाठी पुन्हा बोलत होते आणि तिच्या मामाच्या मोबाइलवर पाठवत होते.

मी बंद करायला उठले. मोठे अधिकारी म्हणाले, "राहू द्या, बाई. चालू द्या." मग पुढची दहा मिनिटं सर स्वतःच्याच वर्गात खाली मान घालून, चोरी पकडली गेल्यासारखे उभे होते.

समितीने काय शेरा लिहिला ते मॅडमनी वाचून दाखवलं नाही. पण भूगोल सरांकडेच राहिला, आणि मॅडमनी बाजारातून स्वतः आणलेला बर्फीचा पुडा स्टाफरूममध्ये फिरला. एप्रिलमध्ये सानिका किंचित लंगडत आली, परीक्षेला बसली आणि पास झाली. भूगोलात तर वर्गात दुसरी.

ती सगळी रेकॉर्डिंग शाळेच्या संगणकावर ठेवा, आजारी पडणाऱ्या मुलांना होतील, असं मॅडमनी मला सांगितलं. एका दुपारी मी संगणक खोलीत ती ऐकत बसले. प्रत्येकात एकच दोष निघाला. सर प्रश्न विचारायचे आणि आवाज तुटायचा. मागे फक्त पंख्याची घरघर. थोड्या वेळाने पुन्हा सर.

सर व्हरांड्यातून चालले होते. मी हाक मारली, "सर, हे मधेमधे बंद पडतंय. कापून टाकू काय?"

"बंद नाय पडत," सर दारातच थांबून म्हणाले. "मी थांबतो. तिने उत्तर द्यायला नको?"

"पण ती तिकडे हर्णेला. तुम्हाला कुठे ऐकू येणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "आमची ही गेल्यापासून घरात मी विचारलेलं कुणी ऐकतच नव्हतं, बाई. तीन वर्षं झाली. इथे निदान उद्या तरी कुणी ऐकणार, एवढं ठाऊक होतं."

तास झाल्याची घंटा वाजली आणि ते वर्गाकडे गेले.

मी रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा लावलं. सरांनी विचारलं, "सांग बघू, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत किती वेळ जातो?" पंखा घरघरायला लागला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बारा तास पंचवीस मिनिटं," मी म्हणाले.

"शाब्बास," सर म्हणाले.