अज्जीचं झाड आणि चोवीस कॅसेटी

वाढीचा क्रम लावण्यात वसुमतीचा हात धरणारं अख्ख्या मल्लेश्वरमात कुणी नव्हतं! वीस वर्षं ती प्रयोगशाळेत रोपांची उंची मोजत होती. वाटाण्याच्या शंभर रोपांचे फोटो पत्त्यांसारखे पिसून तिच्यापुढे टाका, अर्ध्या तासात ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ओळीने लावून देणार! म्हणून जपानहून आलेलं खोकं फुटून चोवीस व्हिडिओ कॅसेटी दिवाणखानाभर विखुरल्या, तेव्हा ती घाबरली नाही. तिने पदर खोचला आणि पट्टी मागवली.

खोकं तिच्या भावाने, रविकिरणने, नागोयाहून पाठवलं होतं. तिथल्या टीव्हीवर तीन वर्षं चाललेली कार्टून मालिका त्याने भाचीसाठी, म्हणजे निवेदितासाठी, रेकॉर्ड करून घेतली होती. क्रमाची यादी त्याने वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती. वाटेत कुणीतरी खोकं उघडून पुन्हा बांधलं, त्यात नेमका तो कागद गेला! उरली ती कॅसेटींवरची जपानी अक्षरं. घरात कुणाला वाचता येतील तर शपथ.

"आई, कुठूनही लाव ना," निवेदिता म्हणाली.

"गोष्ट आहे ती, भेळ नाही!"

शनिवारभर वसुमतीने प्रत्येक कॅसेट थोडी थोडी पाहिली. भाषेचं अवाक्षर कळत नव्हतं. गालावर वण असलेला एक तलवारबाज मुलगा होता, त्याचं नाव निवेदिताने गुंडू ठेवलं. त्याला सांभाळणारी एक वाकलेली म्हातारी होती, ती अज्जी. आणि अज्जीच्या अंगणात एक झाड होतं! वसुमतीचे डोळे चमकले. चित्र थांबवायचं, थरथरत्या पडद्याला पट्टी लावायची, फांद्या मोजायच्या. एका कॅसेटमध्ये दोन फांद्या, दुसरीत तीन, तिसरीत सात! आलेख काढला. काय सुंदर आलेख आला!

शेजारचे जयसिंगराव, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर, कंपाउंडवरून म्हणाले, "वसुमतीबाई, झाड सोडा, वण मोजा! गड्याच्या अंगावरचे वण वाढत जातात, कमी होत नाहीत. माझ्या मते तुमचा क्रम बरोबर उलटा आहे!"

"वण काढायला चित्रकार विसरतो, जयसिंगराव. झाडं वाढतात!"

"मी तीस वर्षं गुन्हेगार पाहिलेत."

"मी वीस वर्षं झाडं पाहिली आहेत. ती कधी जामिनावर सुटत नाहीत!"

खरी काळजी मात्र क्रमाची नव्हतीच. खरी काळजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. जुलैत सासूबाई, तुंगाबाई, गेल्या; तेव्हापासून मामंजींनी, वासुदेवरावांनी, जेवण सोडल्यातच जमा होतं. चाळीस वर्षं तुंगाबाई पानं घेऊन झाली की भाताच्या पातेल्यावर डाव आपटायच्या, ठणठण, आणि मामंजी येऊन बसायचे. आता डाव कुणी आपटत नव्हतं. एकदा वसुमतीने आपटून पाहिला, तर मामंजी भरल्या ताटावरून उठून गेले. नोव्हेंबर लागला. अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, "हे असंच चाललं तर माझ्याकडे औषध नाही."

रविवारी संध्याकाळी सातला पहिली कॅसेट लागली. मामंजींना आधार देऊन बाहेर खुर्चीत आणून बसवलं होतं, तेवढंच मन रमेल म्हणून. आणि पडद्यावर काय? दोन फांद्यांचं झाड, काळे कपडे घातलेली माणसं, उदबत्तीचा धूर आणि मध्यभागी अज्जीचा फोटो! मामंजी उठले आणि आत गेले. वसुमतीला वाटलं, पट्टी आपल्याच डोक्यात घालून घ्यावी.

सोमवारी दुसरी कॅसेट. अंथरुणावर खिळलेली अज्जी चमचाभर पेज पीत होती. दारात सावली पडली.

"ही कालची ना?" मामंजींनी विचारलं. चार दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू आला होता.

"होय मामंजी."

"फोटोतली?"

"होय."

"मग उठली कशी?"

पुराव्याशिवाय वसुमती कधी बोलत नसे. पण ती घाईने म्हणाली, "बहीण असेल तिची."

"बहीण कसली! कपाळावरचा तीळ बघ. तीच आहे." मामंजी खुर्चीत टेकले. "तिथले डॉक्टर चुकले असतील. चुकतात. स्वल्प भात वाढ."

पुढचे दिवस जादूचेच! मंगळवारी अज्जी उठून बसली. गुरुवारी काठी घेऊन अंगणात आली. शनिवारी काठी फेकून चुलीपाशी बसली, गुंडूपुढे वाडगा ठेवला आणि भांड्यावर पळी आपटली, ठणठण! मामंजींनी ताट पुढे ओढलं. त्या दिवशी त्यांनी सारू-भात दोनदा घेतला. दहाव्या दिवशी विचारलं, "लोणचं कुठे ठेवलंय?" निवेदिता आनंदाने इतकी उडाली की बरणीच फुटली!

तेराव्या कॅसेटला मात्र अज्जीने करवत घेतली. बाहेर बर्फ पडत होतं, चूल थंड होती. म्हातारीने झाडाला नमस्कार केला आणि सरपणासाठी एक जाड फांदी कापली. करकर करकर, धप्प!

वसुमतीच्या हातातली पट्टी खाली पडली. काल त्या जागी फांदी नव्हती, नुसता खुंट होता. आज फांदी होती आणि कापली जात होती. म्हणजे दर हिवाळ्यात एक! झाड वाढत नव्हतं, संपत होतं. आणि अज्जीही!

त्याच क्षणी दारातून जयसिंगराव आत शिरले. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं..."

वसुमतीने त्यांना स्वयंपाकघरात ढकललं आणि तोंडात बुंदीचा लाडू कोंबला. "हात जोडते, जयसिंगराव. मामंजींपुढे एक शब्द काढू नका."

"पण क्रम..."

"क्रम चुकलाय. कळलं मला. पण भात खातायत ते!"

जयसिंगराव लाडू गिळून म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदा गुन्हेगाराने स्वतःहून कबुली दिली, आणि मलाच गप्प बसायचंय!"

त्या चुकीवर पांघरूण घालण्यात वसुमतीचा जीव अर्धा झाला. वीस वर्षांत तिने निरीक्षणाच्या वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता. आता रोज सातला ती जाणूनबुजून चुकीची कॅसेट लावत होती.

आणि एका गुरुवारी सकाळी फोन वाजला. एरवी तो कोण उचलायचं? वसुमती! पण मामंजी आता इतके टुणटुणीत झाले होते की तेच आधी पोचले.

"रविकिरण का? छान आहेत रे कॅसेटी. ती अज्जी काय कामाची बाई आहे!"

पलीकडून रविकिरण ओरडत होता, परदेशातून बोलताना सगळे ओरडतात तसा. खोलीभर ऐकू आलं. "हो ना काका! शेवटी ती जाते ना, तेव्हा आम्ही सगळे ढसाढसा रडलो!"

मामंजींनी फोन हळूच खाली ठेवला. आत गेले. भिंतीकडे तोंड केलं. दुपारचं ताट तसंच परत आलं.

वसुमतीने भावाला उलट फोन लावला, चार शब्द सुनावले आणि खरी यादी लिहून घेतली. सातच्या सुमारास ती मामंजींपाशी उभी राहिली. "माझं चुकलं, मामंजी. झाड कापत होती ती. मी म्हटलं, वाढतंय. हा बरोबर क्रम. उद्यापासून असंच लावते."

मामंजींनी कागद घेतला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरोबर क्रमाने मी एकदा बघितलंय," ते म्हणाले. "जुलैत."

कागदाची घडी करून त्यांनी तिच्या हातात दिली. "आज तुझ्या क्रमातली कुठली?"

"एकोणिसावी."

"सरी, ठीक आहे. लाव."

पडद्यावर सहा फांद्यांचं झाड आलं. अज्जी ताठ कण्याने हातगाडी ओढत चढावर निघाली होती. जयसिंगराव नेहमीप्रमाणे डोकावले. यादीची बातमी त्यांना निवेदिताकडून कळलीच होती. विजयी मुद्रेने त्यांनी तोंड उघडलं, पण मामंजींनी पडद्यावरची नजर न हलवता हात वर केला.

"झाडं वाढतात, जयसिंगराव. आमची वसुमती शास्त्रज्ञ आहे. बसा."

जयसिंगराव बसले. पळी वाजली. वसुमतीने भात वाढला, वही उघडली आणि एकोणिसाव्या दिवसापुढे लिहिलं: फांद्या सहा. वाढ समाधानकारक.