डॉक्टर, बोलू नका!

‘‘माझ्या दवाखान्यात बाकडी रिकामी असतात!’’

दुसरा कुठलाही डॉक्टर हे वाक्य मान खाली घालून म्हणाला असता. पुलाजवळच्या छोट्या सरकारी दवाखान्याचे आमचे डॉक्टर मात्र ते छाती पुढे काढून सांगत. लग्नात सांगत, केस कापून घेताना सांगत. एकदा तर चुकीचा नंबर लागलेल्या एका माणसालाही त्यांनी फोनवर हेच ऐकवलं होतं. त्या बिचाऱ्याला गॅसचं सिलिंडर हवं होतं!

आणि का सांगू नये? दोन-तीन वर्षांमागे याच दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गोळ्या अर्धवट सोडायचे, दुखणं अंगावर काढायचे आणि पार आडवे झाले की डॉक्टरांच्या दारात यायचे. शेवटी डॉक्टरांनी पदर... म्हणजे ॲप्रन खोचला! प्रत्येकाला स्वतःचं प्रेशर मोजायला शिकवलं, शुगर तपासायला शिकवलं, कुठली गोळी कशासाठी हे तोंडपाठ करून घेतलं. ‘‘तब्येत तुमची आहे, मी फक्त सोबतीला आहे,’’ असं ते येईल त्याला बजावत. लोकांनीही ते असं काही मनावर घेतलं, की हळूहळू बाकड्यांवर मांजर झोपू लागलं. डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि एका सोमवारी मुख्य कार्यालयातून फोन आला.

‘‘तुमच्याकडे पेशंट फारच कमी दिसतात,’’ पलीकडचा आवाज म्हणाला. ‘‘रिकामे दवाखाने बंद करून शहरातल्या मोठ्या दवाखान्याला जोडायचं ठरलंय. बुधवारी साहेब स्वतः बघायला येतील.’’

डॉक्टरांच्या तोंडचं पाणीच पळालं! दवाखाना बंद? मोठा दवाखाना दोन बस बदलून जायच्या अंतरावर. तिथे रांगेत उभं राहण्यापेक्षा लोक पुन्हा दुखणं अंगावर काढणार, गोळ्या सोडणार आणि एवढ्या वर्षांची मेहनत मातीमोल होणार. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि सिस्टरला हाक मारली.

‘‘सिस्टर,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्याला आजारी माणसं हवीत!’’

सिस्टरनं दवाखान्यात डॉक्टरांपेक्षा जास्त पावसाळे... जाऊ द्या, खूप वर्षं काढली होती. ती म्हणाली, ‘‘आता कुठून आणायची? होती ती तुम्हीच बरी करून टाकलीत.’’

‘‘मग बऱ्या माणसांनाच बोलवा. नुसतं बाकड्यावर बसायचं. थोडं कण्हायचं. तासाभराचा तर प्रश्न आहे!’’

संध्याकाळी पेशंटांमधले तिघं म्होरके जमले. शुगरवाले शिंपीकाका, प्रेशरवाल्या लॉन्ड्रीवाल्या मावशी आणि दमेकरी बस ड्रायव्हर. डॉक्टरांनी नाटक बसवायला घेतलं.

‘‘काका, तुम्ही सांगायचं, चक्कर येते.’’

‘‘मला? चक्कर?’’ काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘माझी या महिन्याची शुगर बघितलीत का? कॉलेजातल्या पोराची नसेल अशी आहे!’’

‘‘माहीत आहे हो. पण दवाखान्यासाठी! ड्रायव्हरसाहेब, तुम्ही जरा धाप लागल्यासारखं करा.’’

‘‘आणि ते डेपोत कळलं तर? माझ्या हातचं स्टिअरिंग काढून घेतील! मी रोज पंप ओढतो तो काय धाप लागायला?’’

मावशी तेवढ्या शहाण्या. त्या म्हणाल्या, ‘‘दवाखाना राहायला हवा ना? मग कण्हू. मी सगळ्यांना आणते. काळजी करू नका तुम्ही, डोळे बघा किती ओढलेत.’’

डॉक्टर मात्र दोन रात्री काळजीच करत बसले. टेबलाच्या खणातले खारे दाणे चघळत आणि चहामागून चहा ढोसत त्यांनी साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार केलं.

बुधवार उजाडला. मावशींनी शब्द पाळला होता, बाकडी गच्च भरली होती! पण डॉक्टरांनी पडद्याआडून डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मोठे साहेब येणार म्हणून मावशींनी अख्ख्या वस्तीचे कपडे कडक इस्त्री करून दिले होते. पुरुष गुळगुळीत दाढी करून आले होते. शिंपीकाकांनी तर कोट घातला होता! दवाखाना कसला, लग्नाचं वऱ्हाड बसल्यासारखं दिसत होतं.

‘‘अहो, जरा तरी आजारी दिसा!’’ डॉक्टर दबक्या आवाजात ओरडले.

मावशी त्यांच्याकडे निरखून बघू लागल्या. ‘‘डॉक्टर, तुमचा चेहरा लाल का झालाय?’’

‘‘काही नाही. डोकं जरा जड आहे.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘काही नाही म्हटलं ना!’’

‘‘काही नाही म्हणतो त्याला आधी खुर्चीत बसवायचं, असं तुम्हीच शिकवलंत,’’ मावशी म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना खांद्याला धरून बसवलंच. शिंपीकाका पुढे सरसावले. मापं घेण्यात उभा जन्म गेलेला माणूस! त्यांनी डॉक्टरांची बाही सर्रकन वर केली, दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळला आणि दोन बोटं आत घालून बघितली. ‘‘फिटिंग झकास!’’

‘‘अहो, साहेब येतील आत्ता...’’

‘‘बोलू नका!’’ मावशींनी दटावलं. ‘‘बोललं की आकडा चढतो. पाठ टेका. पाय जमिनीवर. पाच मिनिटं चिडीचूप!’’

आणि नेमके तेव्हाच साहेब आत आले.

साहेब मूळचे डॉक्टरच, पण कित्येक वर्षांत त्यांनी सहीशिवाय कशालाच हात लावला नव्हता. त्यांनी भरलेल्या बाकड्यांवरून नजर फिरवली. ‘‘अरे वा, गर्दी आहे की! डॉक्टर कुठे आहेत?’’

डॉक्टर ताडकन उठायला गेले. मावशींनी खांदा दाबला. ‘‘ते आत्ता बोलू शकत नाहीत.’’

साहेब शिंपीकाकांकडे वळले. ‘‘तुम्हाला काय होतंय?’’

‘‘चक्कर,’’ काका म्हणाले. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण काकांना कोटातला अभिमान काही आवरेना! ‘‘म्हणजे पूर्वी यायची. आता माझी शुगर अशी आहे ना साहेब, की तुमची-माझी लावून बघू! होऊन जाऊ द्या!’’

‘‘मग इथे कशाला आलात?’’

‘‘कण्हायला.’’

‘‘काय?’’

‘‘डॉक्टरांनी सांगितलंय, थोडं कण्हायचं म्हणून,’’ काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि एकदा कण्हून दाखवलं.

डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत तडफडत होते. डोळ्यांनी खुणा करत होते, भुवया उडवत होते. काही उपयोग झाला नाही! एकदा धरण फुटल्यावर कोण थांबणार? ड्रायव्हर उठून म्हणाला, आपल्याला वर्षभरात एकदाही धाप लागलेली नाही, हवं तर साहेबांनी पुलापर्यंत शर्यत लावावी. मागच्या बाकड्यावरच्या आजींनी चप्पल काढून साहेबांना आपले तळपाय दाखवले. शुगर असूनही एक भेग नाही, रोज आरशात बघते, असं त्या सांगत होत्या. जो तो आपल्या तब्येतीची फुशारकी मारू लागला. आजारी असल्याची थाप मारायला एकही माणूस तयार नव्हता!

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. ‘‘म्हणजे इथे एकही पेशंट नाही. मग हा दवाखाना बंद करण्यावाचून...’’

टीं! मशीन वाजलं.

‘‘एकशे ब्याण्णव!’’ मावशी किंचाळल्या.

कण्हणं, फुशारकी, सगळं एका क्षणात थांबलं. सिस्टर धावत आली. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, सगळं तिनं विचारून घेतलं आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं मान हलवून नाही नाही सांगितलं. ‘‘शेवटचं कधी मोजलं होतं?’’ या प्रश्नाला मात्र मान हलेना. कारण डॉक्टरांनी स्वतःचं प्रेशर कधी मोजलंच नव्हतं!

‘‘साहेब, तुम्ही डॉक्टर ना?’’ मावशींनी साहेबांचा हात धरून त्यांना खुर्चीपाशी ओढलं. ‘‘मग बघा की!’’

साहेबांनी सिस्टरचा स्टेथोस्कोप घेतला. सवय मोडली होती, पण मग जमलं. छाती तपासली, डोळे तपासले आणि कागदावर एक गोळी लिहिली. झालं! सगळे पेशंट त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले.

‘‘ही कशासाठी?’’

‘‘घ्यायची विसरली तर काय करायचं?’’

‘‘हिनं पाय सुजतात का हो? सुजले तर बघून घेऊ, पण आधी माहीत असलेलं बरं!’’

‘‘किती दिवसांनी पुन्हा मोजायचं? आणि दाण्यांचं काय?’’ हे मावशींनी विचारलं. त्यांनी एव्हाना टेबलाचा खण उघडला होता. खाऱ्या दाण्यांची पुडी त्यांनी साहेबांपुढे पुरावा म्हणून नाचवली.

साहेबांना घाम फुटला. पण ते उत्तरं देत गेले आणि देता देता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या. कुणीतरी त्यांना कित्येक वर्षांनी डॉक्टर म्हणून काही विचारत होतं. अर्ध्या तासानं ते स्टूल ओढून बसले आणि हसायला लागले.

‘‘मी रिकामी बाकडी बंद करायला आलो होतो,’’ ते म्हणाले. ‘‘पण असे लोक मी कुठल्याच दवाखान्यात पाहिले नाहीत! हा दवाखाना चालू राहील. बाकडी का रिकामी असतात, ते मी वर जाऊन सांगतो.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजींनी डोळे पुसले. खुर्चीत बसलेले डॉक्टर सगळ्यांकडे बघत राहिले. ही सगळी त्यांची माणसं होती. एकेक प्रश्न त्यांनी शिकवलेला होता. अभिमानानं त्यांची छाती इतकी फुगली, की पट्टा तिथे असता तर तुटला असता.

‘‘मला एकच सांगा,’’ साहेबांनी सगळ्यांकडे बघत विचारलं, ‘‘तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?’’

हाच तो क्षण! डॉक्टर सावरून बसले. त्यांनी नम्र चेहरा केला, केसांवरून हात फिरवला आणि शिंपीकाकांकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

शिंपीकाकांनी कोटाची बटणं लावली. ‘‘शिकवायचं काय त्यात?’’ ते ऐटीत म्हणाले. ‘‘तब्येत आमची! आमचं आम्हीच शिकलो.’’

‘‘आम्हीच!’’ सगळं वऱ्हाड ओरडलं.

‘‘डॉक्टर होते ना अधूनमधून,’’ मावशी दिलदारपणे म्हणाल्या, ‘‘सोबतीला.’’

डॉक्टरांनी तोंड उघडलं.

‘‘श्श! बोलू नका!’’ मावशी ओरडल्या आणि त्यांनी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला.