मधुकरभाऊंचा माठ

विकत घेण्याआधी माठाला कान लावून बसणारा माणूस आमच्या सावली गावात एकच, मधुकरभाऊ. बोटानं टकटक करायची, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्यांना दटावायचं, "चूप रहा जी, त्याले बोलू द्या."

गंमत अशी की भाऊंची सारी उमर राइस मिलमध्ये गेली आणि तिथल्या खडखडाटात दोन्ही कान अर्धेअधिक गेले. मागून ट्रकनं हॉर्न दिला तरी ते रस्त्याच्या मधूनच चालतात. माठ मात्र त्यांना ऐकू येतो.

ते माझे शेजारी. बायको वारली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला, घरात एकटेच. माठ त्यांना भद्रावतीचाच लागतो. जवळच मूल गावात मिळतो, चंद्रपूरला तर रस्त्याच्या कडेला ढीग असतात. "मिळते म्हणून घ्याचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वांगी घेतानाही तेच. मुलीला आलेलं पहिलं स्थळसुद्धा हेच म्हणून परत पाठवलेलं.

यंदा मी गाडी घेतली आणि फसलो. "मास्तर, गाडीले जरा चालवून पाहाले पाह्यजे ना," असं म्हणत भाऊ पुढच्या सीटवर येऊन बसलेसुद्धा.

भद्रावतीत त्यांचा कुंभारही ठरलेला, शंकरभाऊ. दरवर्षी हे त्याच्या माठांत खोड काढणार, तो यांच्या कानांत. दुपारभर भांडण, मग चहा, मग एक माठ. या खेपेला शंकरभाऊ अंगणात खाटेवर बसून होता. हिवाळ्यात लकवा मारला होता, उजवा हात मांडीवर नुसता पडून. चाकावर त्याची सून बसली होती, वर्षा.

"पोरगा कंपनीत जाते, त्याले मातीत हात घालाचा नाई," शंकरभाऊ म्हणाला. "हे सून म्हणते, मी करतो. बाई चाकावर बसली म्हणून गल्ली बोलून राह्यली. पहिलीच भट्टी होय तिची. तू पाहून सांग, मधुकर. नाई जमलं असन तर चाक विकून टाकतो."

वर्षा हात पुसत उठून उभी राहिली.

भाऊंनी एक माठ उचलला. टकटक केली, डोळे मिटले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. एक माठ तर मला दिसेल इतका एका बाजूला कलला होता. नेमका तोच त्यांनी छातीशी धरला.

"हा माहा."

"खोड नाई काढत?" शंकरभाऊनं विचारलं.

"असन तर काढीन ना. तुह्यापेक्षा बरा हाय."

शंकरभाऊ हसता हसता तोंड फिरवून बसला. वर्षा लगबगीनं चहा टाकायला आत गेली.

माठ भाऊंनी घरापर्यंत मांडीवर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तो व्हरांड्यात घमेल्यात ठेवलेला, आणि माठापेक्षा घमेल्यातच पाणी जास्त.

"भाऊ, हा तर गळतो."

"मले ठाऊक होतं. आवाजच फुटका होता त्याचा."

"मग घेतला काऊन?"

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. अख्ख्या आळीला ऐकू जातो. वर्षाचा होता.

"भाऊ, पाणी थंड होऊन राह्यलं का जी?"

भाऊंच्या हातात नळाचं कोमट पाणी होतं. त्यातला एक घोट घेऊन ते ओरडले, "अवं, दात ठणकून राह्यले माहे."

पलीकडे ती हसली. मागून शंकरभाऊ काहीतरी बोलला.

"अन् आयक, पोरी," भाऊंनी आवाज जमेल तितका खाली आणला, "पुढच्या भट्टीले बूड जरासं जाड ठेवजो. तसं काई नाई, मले जाड बूड आवडते."