एकेचाळिसाव्या चित्राची हकीकत

श्रीधन्वंतरी समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एका राज्यी रुग्णालयदरबारात जे वर्तमान घडले ते ऐकिल्याप्रमाणे लिहिले असे. त्या दरबारी सगुणाबाई म्हणोन रेखणीस होत्या. स्कॅनच्या चित्रांत यकृताची, मूत्रपिंडांची शीव हाताने आखावी हे त्यांचे काम. एका माणसाचे आखता दिवस मोडे. मग राजवैद्यांनी हुकूम केला की हे काम यंत्रास शिकवावे. आणि यंत्रास चित्रे पाहिजेत हजारो, ती जमली पंचेचाळीस, आणि शेजारील राज्यांनी, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयांनी, आपली कुलुपात ठेविली. मग बाईंनी मनी आणिले की थोडकी का होईना, शिकवण सरळ असावी. म्हणोन चारचौघांसारखी नव्हती ती पाच वेडीवाकडी चित्रे बाद करून चाळीस नेटकी आखून दिली. आणि यंत्रशाळेच्या मंडळींनी तीच तिरपी करून, ताणून, उजेड कमीजास्त करून चार हजार केली, ताकात पाणी घालावे तैसी. यंत्र चार पळांत आखू लागले आणि दरबार बहुत खूश जाहला.

त्या आश्विनात लिंबाजी गवंडी दरबारी आला. त्याची बहीण पारूबाई डायलिसिसवर दिवस काढीत होती, आणि याने बोलून ठेविले होते की यंदा भाऊबीजेची ओवाळणी म्हणोन आपले एक मूत्रपिंड तिला देणार. यंत्राने त्याची दोन मूत्रपिंडे रंगविली, राजवैद्यांनी मान डोलाविली, आणि दिवाळीआधी शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. मग सगुणाबाईंनी सहज चित्र पाहिले तो काय, डावीकडे रंगविले ते मूत्रपिंड नव्हे, आतड्याचे वेटोळे! आणि त्यांस आठवले की बाद केलेल्या पाचांत एक चित्र एकाच मूत्रपिंडाच्या माणसाचे होते. आपल्या नीटनेटकेपणापायी माणूस जाता, उजवे काढिले तर पोटी एकही न उरते, हे त्यांनी जाणिले. तैशाच दरबारात जाऊन म्हणाल्या, "साहेब, याला एकच आहे. जन्मापासून." राजवैद्य बोलिले, "अहो बाई, यंत्र चार हजार चित्रं शिकलंय!" त्यावरी बाई म्हणाल्या, "चार हजार कुठली, चाळीसच. आणि त्या चाळिसांत एकवाला माणूस मीच ठेवला नाही. चूक माझी आहे, पण आधी पुन्हा तपासा."

फेरतपास जाहला, बाईंचे खरे ठरले, शस्त्रक्रिया रद्द जाहली. मग लिंबाजीस सांगावे कोणी, तर बाईच गेल्या. त्याने सर्व ऐकिले, जीव वाचला त्याचे काहीच बोलिला नाही. विचारिले, "बाई, मग अर्धं देता येत न्हाई व्हय?" बाईंनी डोळ्यांस पदर लाविला. आणि परत येऊन एकेचाळिसावे म्हणोन त्याचेच चित्र आखिले, डावी बाजू कोरी ठेविली, आणि पाठोपाठ बाद केलेली पाचही यंत्राच्या शिकवणीस घेतली.

सारांश, यंत्र आता एकवाल्यास एकच आखते. लिंबाजी भाऊबीजेस रिकाम्या हाताने गेला, पारूबाईने ओवाळिले. ती अद्याप मूत्रपिंडाची वाट पाहात आहे. घडले इतके, लिहिले इतके.