आधी पाय दाखव

सोमाजी हवालदार माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायाकडे बघत. लग्न होऊन मी भिलाईला आले, सेक्टर दोनच्या क्वार्टरपुढे रिक्षातून उतरले, तर शेजारच्या ओट्यावर खाकी कपड्यांतला, लखलखीत काळे बूट घातलेला एक उंच म्हातारा उभा. मी घाईघाईनं पदर सावरला. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या ह्यांच्या पायाकडे बघून म्हणाला, "मोजे कोन धुईन आता? हे नवरी धुईन काय?" नव्या नवरीचं असं स्वागत मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

पलटणीतून पेन्शनीत निघालेले हवालदार, आता पोलादाच्या कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला होते. गाव माझ्या माहेराकडचं, भंडाऱ्याजवळचं, म्हणून मी त्यांना मामा म्हणायला लागले. बायको ते पलटणीत असतानाच गेलेली, मूलबाळ नाही, शेत भावकीनं वाटून घेतलेलं. म्हणजे नोकरी होती तोवर क्वार्टर, आणि क्वार्टर होतं तोवर माणसं. हे ते स्वतःच सांगत, अगदी बाजारभाव सांगावा तसं सहज.

पलटणीत म्हणे लांबची कूच झाली की हवालदार आधी जवानांचे पाय तपासतो, मग जवानाला जेवण. मामांनी तो कायदा भिलाईत आणला. रविवारी सकाळी आसपासच्या क्वार्टरांतले सडेफटिंग कामगार त्यांच्या ओट्यापुढे रांगेत उभे. स्टुलावर एकेकाचा पाय. मामा चष्मा नाकावर ओढून बोटांच्या फटी बघणार, टाच दाबणार. वास असा सुटायचा की मी पोळ्या टाकून आधी खिडकी लावून घ्यायची. भट्टीवर राबणारी पोरं ती, कोणाला चटका, कोणाला फोड. आणि कोणी लपवायला गेलं की मेलाच. "रिपोर्ट सच्ची दे," मामा गरजत. "फोड लपवते थो साऱ्या टोळीले मांगं ठेवते." मग गरम पाणी, त्यात मीठ, वर खोबरेल तेल आणि कोरडे मोजे. मीठ अर्थातच माझ्या घरचं.

आमचे हे एकदा कुरकुरले, "मामा, आमी का पलटणीत भरती झालो?"

"मंग का झाले? भोंगा वाजला का उठता, ड्युटीवर जाता, घरी चिठ्ठी लिवत नाई. पलटणच होय हे."

कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरलासुद्धा लंगडताना पाहून त्यांनी गेटवर बसवलं होतं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, बूट मात्र निघाला. आणि एकदा तांब्याची तार पळवणारा चोर पकडला, तो अनवाणी, तळव्यात पत्रा घुसलेला. बिचाऱ्यानं घाबरून खिशातलं होतं नव्हतं ते पुढं केलं. मामा म्हणाले, "हे ठेव. रिपोर्ट त होईनच. पयले पाय दाखव." पत्रा काढला, पट्टी बांधली, आणि मगच पोलिसांच्या हवाली केला. जाताना चोरानं सलाम ठोकला, मामांनीही तो कडक घेतला.

साऱ्या जगाकडून सच्ची रिपोर्ट घेणाऱ्या या माणसाला कधीही विचारा, "मामा, तब्येत कशी?" टाचेला टाच जुळवून एकच उत्तर, "सब ठीक." ताप असो, खोकला असो, सब ठीक. मला फार राग यायचा. माणसानं एकदा तरी कण्हावं की नाही?

दसऱ्याला आमच्याकडे घरोघर हत्यारांची पूजा. आमचे हे पाना-हातोडी मांडत, मी विळी. मामा पाटावर काठी आणि शेजारी बूट ठेवत. बुटांवर झेंडूचं फूल, आणि पुढं अनवाणी हवालदार हात जोडून उभे. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना, मी पळत घरात आले होते.

पुढं एका दसऱ्याला सोनं द्यायला गेले तर पाटावर नुसती काठी. बूट पायात. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, मामांना अनवाणी पाहून खूप दिवस झाले होते. मी आपट्याची पानं हातात दिली आणि पाया पडायला वाकले. "राहू दे, राहू दे," म्हणत ते मागं सरकले. वडीलधारे असं म्हणतातच, म्हणून मी कुठलं ऐकते. बुटाला हात लावला तर उजव्या पायाच्या करंगळीशी चामडं ब्लेडनं चिरलेलं, वरून काळं पॉलिश फासलेलं, आणि माझी बोटं ओली झाली. ते पाणी नव्हतं.

"मामा, बूट काढा."

"सब ठीक."

"मामा, पाय दाखवा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग त्याच रविवारच्या स्टुलावर बसले. बूट निघता निघेना. करंगळी काळी पडली होती, सूज वर चढलेली. माझं डोकंच फिरलं.

"साऱ्या सेक्टरचे पाय पाहता, अन् हा कावून लपवला?"

"डॉक्टर अनफिट लिवन, पोरी. गेट जाईन, क्वार्टर जाईन. मंग मी इतवारी कोनाचे पाय पाहू?" मग म्हणाले, "जवानाचे पाय हवालदार पाह्यते. हवालदाराचे सुभेदार पाह्यते. अठी माह्यावर कोनीच नाई."

मी पाणी तापवलं, मीठ टाकलं, त्यांनीच शिकवलं तसा पाय धुतला. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, खांदे हलत होते. मग ह्यांनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं.

करंगळी गेली, पाय वाचला. डॉक्टरांनी अनफिट लिहिलंच. तेव्हा ते रविवारचे सडेफटिंग मामांसाठी साहेबाच्या ऑफिसपुढे गेले आणि सवयीनं रांगेत उभे राहिले. साहेब बाहेर आला तोवर पहिल्यानं बूटही काढायला घेतला होता. साहेबाला काय वाटलं देव जाणे, पण मामांना बसून करायचं काम मिळालं, सायकल स्टँडवर. क्वार्टर राहिलं.

त्यानंतर दर रविवारी स्टुलावर पहिला पाय मामांचा, आणि बघणारी मी. "रिपोर्ट?" मी विचारायची. ते सवयीनं ताठ होत, मग खांदे सैल सोडत. "दुखून राह्यला, पोरी. अजून पाह्य."

जखम केव्हाच भरून आली होती, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी तो पाय हातात घेऊन अजून थोडा वेळ बघत बसे.