किल्लेदाराने दार लावले

"हात खिशात घाल, किल्ली हाताला लागू दे, मग दार ओढ." लहानपणी घराबाहेर पडताना आई रोज हे गाण्याच्या लयीत म्हणायची. तो आवाज किल्लेदाराच्या कानात अजून होता. डोक्यात मात्र कधी शिरला नव्हता.

किल्लेदार हे ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव. ऑफिसच्या नेटवर्कच्या वेशीवर फायरवॉल नावाची पेटी बसते, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला हटकते. तिची राखण याच्याकडे. पेटीपेक्षा राखणदाराचाच ताठा जास्त. साहेबांनी शब्द दिला होता: लोकांना घरून, नुसत्या ब्राउझरमधून, सुरक्षितपणे ऑफिसचं काम करता येईल असं पान उभं कर. मालकांसमोर ते चाललं, की तू कायमचा घरी बसून काम कर.

"कायमचा?" बायकोने विचारलं होतं.

"कायमचा."

ती गप्प झाली. आनंदाने वाचा बसली असेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

मालकांना पान दाखवायच्या दिवशी सकाळपासून तो घरीच लॅपटॉप मांडून बसला. मधूनच उठून तिचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावत होता. पान देखणं झालं. खाली त्याने चवीचवीने सूचना लिहिली: 'आपणास प्रवेश नाही. उगाच खटपट करू नये. तज्ज्ञांना फोन करावा.' पुढे स्वतःचा नंबर.

"आता जुनी वाट बंद. यापुढे ज्याला यायचं त्याने या पानावरूनच यायचं."

"अहो, मग तुम्ही आत्ता कुठल्या वाटेने आत गेलात?" साखरेचा डबा शोधता शोधता बायकोने विचारलं.

"जुन्या. तुला नाही कळायचं."

आणि त्याने बटण दाबलं.

स्क्रीन गोठला. आपण बसलेली फांदी आपणच कापली, हे ध्यानात यायला त्याला चहाचा एक घोट लागला. घाईघाईने नवं पान उघडलं. पण कोणाकोणाला आत सोडायचं, ती नावं भरायचं त्याने शेवटी ठेवलं होतं. पानाने त्यालाच सुनावलं: आपणास प्रवेश नाही. उगाच खटपट करू नये.

फोन वाजला. साहेब.

"मालक समोर बसलेत. पान म्हणतंय तज्ज्ञांना फोन करा. म्हणून केला."

किल्लेदार रिक्षाने ऑफिसात पोचला. आता थेट पेटीलाच लॅपटॉपची वायर जोडायची, की झालं. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. मालकांच्या देखत त्याने खिसे चाचपले. रुमाल निघाला.

घरी फोन लावावा, तर सूचना पाळणाऱ्या अख्ख्या ऑफिसचे फोन त्याच्यावर कोसळत होते. शेवटी वॉचमनचा मोबाइल मागितला.

"किल्ली ना? डबे लावताना एका डब्यात टाकलीत," बायको म्हणाली. "कुठल्या, ते तुम्हीच सांगा. शिस्त तुमची."

सगळे डबे पालथे घालून ती किल्ली घेऊन आली, तोवर मालकांनी निकाल दिला होता: "याची खुर्ची या कपाटाला चिकटवा. घरून काम बाकीचे करतील. हा नाही."

पेटीतली वाट मोकळी करून किल्लेदार पडेल चेहऱ्याने तिला जिन्यापर्यंत सोडायला आला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझीही आशा होती."

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली.

"एक सांगू? किती दिवस मनात घोळत होतं."

"सांग ना."

"तुम्ही कायमचे घरी बसणार म्हटल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज गाढ झोपेन."