पहिल्या पानावरचे सोमाजीभाऊ

सोमाजीभाऊंच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून कोणी त्यांनाच विचारलं, "भाऊ, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान हेच ना?" तर ते हो म्हणत नाहीत. चष्म्यावरून त्या माणसाकडे बघतात आणि म्हणतात, "मोबाइल हाये ना जी? मंग त्याले विचारा."

माणूस गोंधळतो. डोक्यावर पाटी आहे, आत भिंतीला टेकून सात-आठ मशीनी उभ्या आहेत, खुद्द भाऊंच्या खिशातून पेचकस डोकावतो आहे. आता यात मोबाइलला काय विचारायचं? पण भाऊ हलत नाहीत. "तोंडानं विचारलेलं मोजल्या जात नाई. नेटवर शोधा, आमचं नाव येईन, त्याच्यावर बोट दाबा अन् मंग आत या." मग तो बिचारा खांद्यावरची मशीन एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने, ज्या दुकानात उभा आहे तेच दुकान शोधायला लागतो.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर आहे, त्यामुळे हा तमाशा मी रोज बघते. आमचं गाव आरमोरीपासून आठ किलोमीटर आत. तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला तलाव. इथे कोणाचं दुकान कुठे आहे हे शेळ्यांनाही माहीत असतं. पण भाऊंचं म्हणणं असं की गाव म्हणजे काही गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक बाहेर असतं, आणि ते नेटमधून येतं.

हे वेड त्यांना तालुक्याच्या एका शिबिरात लागलं. लहान धंदेवाल्यांना ऑनलाइन कसं यावं ते शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर होतं. बाकीचे लोक तिथून फाइल आणि पेन घेऊन परतले. भाऊ मात्र बदलूनच आले. तेव्हापासून मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कपडे मोजायच्या टेपने गळ्यात लटकवलेला असतो. टेप माझ्याच दुकानातला. मागितला तर म्हणतात, "शोधा, भेटन."

"सुनंदाबाई," ते मला समजावतात, "पहिल्या पानावर येलं पायजे. दुसऱ्या पानावर कोण जाते? दुसऱ्या पंगतीले वांग्याची भाजी पातळच भेटते."

पहिल्या पंगतीत बसण्यासाठी त्यांनी काय काय केलं ते सांगते. आधी दुकानाची पाटी बदलली. लोक नेटवर जे शब्द टाकून शोधतात तेच शब्द पाटीवर हवेत, असं शिबिरात सांगितलं होतं म्हणे. ते नेटच्या पाटीबद्दल सांगितलं असणार, पण भाऊंनी पेंटर बोलावून लाकडी पाटीवरच लिहून घेतलं: "शिलाई मशीन दुरुस्ती माझ्या जवळ. आरमोरी शिलाई मशीन. चांगला मेकॅनिक कुठी भेटन." पेंटर ब्रश हातात धरून बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, हे दुकानदार बोलून राह्यला का गिऱ्हाईक?" भाऊ म्हणाले, "तू रंग लाव."

मग पुतण्याच्या मुलीचं बारसं आलं. घरच्यांनी नाव ठरवलं होतं आराध्या. भाऊ भर पाहुण्यांत उठून उभे राहिले. "आराध्या ठेवान तर पोरगी लाखात हरवन. शोधली तर भेटनार नाई कधी." मग काय ठेवायचं, असं पुतण्याने दात खात विचारलं. "मोहफुला," भाऊ म्हणाले. "जगात एकच. डायरेक्ट पहिल्या पानावर." पाळण्यात नाव आराध्याच ठेवलं. पण आता ती पोर चार वर्षांची झाली, आणि तिची आई धरून सगळं घर तिला मोहफुला म्हणूनच हाक मारतं.

सगळ्यात मोठा ताप म्हणजे तारे. मशीन दुरुस्त झाली तरी ती लगेच हातात मिळत नाही. आधी नेटवर दोन ओळी लिहायच्या आणि पाच तारे द्यायचे. एकदा शेजारच्या गावच्या एका म्हातारीने चार तारे दिले आणि नातीकडून लिहून घेतलं, "मशीन चांगली केली. चहा पाजला नाई." भाऊंना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन सायकलवर तिच्या घरी गेले, तिला चहा पाजला, वर बिस्किट दिलं, आणि पाचवा तारा पडल्यावरच सायकलला टांग मारली. म्हातारी हुशार. आता तिला चहाची तल्लफ आली की ती एक तारा कमी करते.

माझ्याही दुकानाचं खातं त्यांनी मला न विचारता उघडून टाकलं. मी चिडले. महिन्याभराने कुरखेड्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला आणि तिच्या बहिणीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज मला शिवायला मिळाले. तेव्हापासून मी चिडते, पण हळू आवाजात.

आता हा असा काटेकोर माणूस. पण त्यांच्या दोन गोष्टींचा मला उलगडा होत नव्हता.

एक म्हणजे, संध्याकाळी साडेसातला शटर पडणार म्हणजे पडणार. मशीन उघडी असो, गिऱ्हाईक पायरीवर असो, नाहीतर मी काही बोलत असो. "टायमिंग नेटवर टाकलं हाये, बाई," एवढं म्हणून भाऊ घरी जातात. घरी कोणी वाट बघणारं नाही. कुसुमवहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या, आठ दिवसांच्या तापात. मूलबाळ नाही. भाऊ स्वतःच भात टाकतात, स्वतःच खातात. वहिनी होत्या तेव्हा हाच माणूस दहा-दहा वाजेपर्यंत मशीनीत डोकं घालून बसायचा, आणि वहिनी दोनदा-तीनदा बोलवायला यायच्या.

दुसरी गोष्ट तलावाची. भाऊंचं दुकान नेटच्या नकाशावर दोन ठिकाणी दिसतं. एक आहे तिथे, आणि दुसरं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. शिबिर झालं त्या वर्षी गावात रेंज नव्हती, ती फक्त पाळीवर चढल्यावर यायची. मग नवराबायको दोघं पाळीवर गेले, तिथे उभं राहून त्यांनी दुकानाचं पहिलं खातं उघडलं, आणि मोबाइलने दुकान तिथेच ठोकलं. पुढे गावात टॉवर आला, भाऊंनी बरोबर जागेवर नवीन खातं उघडलं, पण जुनं काही काढलं नाही. स्वतः मात्र जो भेटेल त्याला सांगणार, "एका दुकानाची दोन खाती म्हणजे जहर. नेट गोंधळते, आपण खाली जातो."

महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं मशीन घेऊन पाळीवर पोचतात. तलावात मासे धरणारा किसन त्यांना गोळा करून आणतो. एका हातात मासे, मागे गिऱ्हाईक. "भाऊ, तुमचा माल आणला," असं ओरडतो. मी कितीदा म्हटलं, ते जुनं खातं मिटवा. भाऊ दरवेळी पेचकस शोधायला लागतात.

गेल्या उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस असताना, किसनने संध्याकाळी सातला असाच एक माल आणला. बाई होती, चाळिशीची, डोक्यावर पोत्यात बांधलेली मशीन. नाव मैनीबाई. एटापल्लीच्याही आतल्या एका गावातून, पहाटे निघून, दोन बस बदलून आली होती. त्यांच्या बचत गटाच्या आठ बाया मिळून आश्रमशाळेच्या पोरांचे कपडे शिवत होत्या, आणि मोठी मशीन नेमकी आता बंद पडली होती. तिकडच्या मेकॅनिकने हात टेकले. मग तिच्या भाचीने नेटवर शोधलं, आणि पहिल्या पानावर आमचे भाऊ.

"किती वेळ झाला येऊन?" मी पाणी देत विचारलं.

"चार वाजता आली, बाई. फोन बोलला, पोहोचली. मग बसली."

"तीन तास? कोणाला विचारलं नाही?"

"काय विचारू?" ती साधेपणाने म्हणाली. "आमच्याकडे दुकान बाजाराच्या दिवशी येते. झाडाखाली बसते. मले वाटलं, हे दुकान पण येऊन राह्यलं असन. वाट पाह्यली."

मला हसावं की रडावं कळेना. ही बाई तीन तास दुकानाची वाट बघत तलावाच्या पाळीवर उन्हात बसली होती. भाऊंनी पोतं सोडलं, मशीन उलटी केली, आत बघितलं आणि म्हणाले, "शटलची जागा झिजली हाये. तीन घंट्याचं काम." मग घड्याळ बघितलं, आणि उठून शटरला हात घातला.

साडेसात झाले होते.

माझा पारा चढला. रस्ता ओलांडून गेले आणि सरळ म्हटलं, "लाज वाटते का भाऊ? तुमच्या त्या खोट्या खात्यापायी ही बाई तीन तास उन्हात बसली. तिचं सगळं गाव तिकडे वाट बघतंय. आणि तुम्ही टायमिंग सांगता? आणा तो मोबाइल, मीच मिटवते ते खातं." आणि गळ्यातला टेप ओढला. माझाच टेप.

"हात नका लावू त्याले!" भाऊ ओरडले. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. मैनीबाई दचकून उभी राहिली. भाऊ स्वतःच वरमले. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढून तलावावरचं खातं उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाचा."

त्या खात्यावर एकच अभिप्राय होता, आणि एकच तारा. कुसुमवहिनींचा.

"दुकान वेळेवर बंद करत नाई. रोज जेवण थंडं होते. मशीनले हात लावला का घर विसरते."

खाली मालकाचं उत्तर होतं: "आदरणीय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली सूचना व्यवस्थापनाकडे पाठवली आहे."

"पहिला अभिप्राय पायजे होता," भाऊ शटरकडे बघत म्हणाले. "तिले म्हटलं, लिही. तिनं पाळीवर उभ्या उभ्या लिहिलं. मी दोन दिवस बोललो नाई. अन् शिबिरात सांगितलं होतं, तक्रारीले नम्र उत्तर द्या, म्हणून ते उत्तर देल्लं. ते वाचून एवढी हासली, एवढी हासली का खालीच बसली. आरमोरीच्या कंप्युटरवाल्याले विचारलं मी. खातं मिटवलं तर हे बी जाईन म्हणाला. तिच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच नाई, बाई. किराण्याची यादी बी मलेच लिहाले सांगे."

मला फार वाईट वाटलं. या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली होती, आणि समोर राहून मला एवढंही दिसलं नव्हतं. मी मोबाइल परत केला. मैनीबाईला सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण तीच म्हणाली, "बंद करा, भाऊ. जेवून घ्या. मी थांबते."

ती रात्री माझ्याकडे जेवली आणि झोपली. पहाटे साडेचारला समोरून ठाकठोक ऐकू आली. दार उघडलं तर भाऊंच्या दुकानात दिवा, आणि मशीनवर वाकलेले भाऊ. सातच्या बसला मैनीबाई मशीन घेऊन निघाली. पाच तारे मागायचं भाऊ विसरले, किंवा मागितले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी तलावाच्या पाळीवर एक पत्र्याची पाटी लावली. लिहिलं होतं, "दुकान इथी नाई. गावात हाये, वडाच्या रस्त्यानं सरळ या. दमले असान तर बसा." खाली बसायला बाक टाकला, शेजारी पाण्याचा माठ ठेवला. माठ भरायचं काम किसनने घेतलं. आता गावातली अर्धी म्हातारी माणसं संध्याकाळी तिथेच जाऊन बसतात.

पंधरा दिवसांनी भाऊ मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आले. मैनीबाईने अभिप्राय दिला होता, भाचीकडून लिहून घेतलेला. तोही तलावावरच्याच खात्यावर. पाच तारे. "पाळीवर बसायचं. दुकान मिळते. भाऊ चांगला आहे."

"बघा," मी म्हटलं, "तुमचं तलावातलं दुकानही वर यायला लागलं. आता वहिनींची तक्रारही राहिली नाही. तुम्ही रोज वेळेवर बंद करता. तक्रार दूर केली की तारे वाढवून मागता येतात, तुम्हीच सांगता ना?"

भाऊ हसले. "ते गिऱ्हाईक कडक होतं, बाई. तिनं एक देल्ला तेच लय झालं."

"मग निदान उत्तर तरी बदला. व्यवस्थापन काय, दिलगीर काय!"

"बदललं," ते म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. वहिनींच्या एका ताऱ्याखाली आता एवढंच होतं:

"साडेसातले बंद करतो. जेवण गरमच खातो. मीठ मात्र अजून जमत नाई."

मी वाचलं आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पिशवीत घातला, घड्याळ बघितलं आणि शटर पाडायला रस्ता ओलांडून गेले.